व्हीएनसीचा पेपर आणि खिशातला मोबाईल : एक जुना पेपर चिकित्सकपणे कसा वाचायचा



पीएच.डी.ची पेट दिलेल्या किंवा देणार असलेल्या बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की 'लिटरेचर रिव्ह्यू' म्हणजे नेमकं काय लिहायचं. बहुतेक सिनॉप्सिसमध्ये मी एकच साचा बघतो. अमुक यांनी अमुक साली अमुक पद्धत मांडली, तमुक यांनी त्यात सुधारणा केली, आणि शेवटी 'अजून संशोधनाला वाव आहे'. वाव कुठे आहे, का आहे, तो आत्तापर्यंत कुणी का भरला नाही, यातलं काहीच त्यात नसतं. ही यादी झाली. समीक्षा झाली नाही.

म्हणून आज मी एकच पेपर घेतो आणि त्याची सविस्तर चिकित्सा करून दाखवतो. विषय सगळ्यांच्या ओळखीचा आहे : मोबाईलवरून घरचा कॉम्प्युटर चालवणे. समजा तुमचा डेस्कटॉप साताऱ्याला घरी आहे, त्यावर तुमचा डेटा आणि प्रोग्रॅम आहेत, तुम्ही पुण्यात होस्टेलवर आहात आणि हातात फक्त फोन आहे. तुम्ही म्हणाल, यात संशोधन कसलं? ॲप टाकलं की झालं! पण ॲप टाकल्यावर दहा मिनिटांत माणूस वैतागून फोन बाजूला का ठेवतो, याचं उत्तर ॲपच्या रेटिंगमध्ये सापडत नाही. ते या तंत्राच्या मुळाशी असलेल्या एका पेपरात सापडतं.

पेपर कोणता?

पेपरचं नाव 'व्हर्च्युअल नेटवर्क कम्प्युटिंग'. लेखक ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि अँडी हॉपर. हा 'आयईईई इंटरनेट कम्प्युटिंग' या मासिकात १९९८ च्या जानेवारी-फेब्रुवारी अंकात आला. पानं जेमतेम सहा. लेखक केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी अँड ऑरॅकल रिसर्च लॅबोरेटरीतले. यातले स्टॅफर्ड-फ्रेझर म्हणजे तेच, ज्यांनी केंब्रिज विद्यापीठातल्या कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावून 'कॉफी आहे की संपली' हे जागेवरून बघायची सोय केली होती. लांबची गोष्ट जागेवर बसून बघायची, ही या मंडळींची जुनी आवड.

पेपरचा दावा असा आहे : माणसाने सोबत कुठलंही यंत्र न बाळगता त्याला 'मोबाईल कम्प्युटिंग' करता आलं पाहिजे. तुम्ही जिथे जाल तिथे कुठला ना कुठला स्क्रीन असेलच. त्या स्क्रीनवर तुमचा स्वतःचा डेस्कटॉप, होता त्या स्थितीत, उघडायचा. काम संपलं की उठून निघून जायचं.

हा दावा मनात ठेवा. पुढची सगळी चर्चा याच्याभोवती फिरणार आहे.

तंत्र कसं चालतं?

तंत्र फार सोपं आहे, आणि तेच त्याचं बळ आहे. सर्व्हर म्हणजे घरचा कॉम्प्युटर. व्ह्यूअर म्हणजे तुमच्या हातातलं. दोघांमधल्या बोलण्याच्या नियमांना 'रिमोट फ्रेमबफर' प्रोटोकॉल म्हणतात, थोडक्यात आरएफबी. फ्रेमबफर म्हणजे स्क्रीनवर दिसणारं चित्र मेमरीत जिथे साठवलेलं असतं ती जागा. सर्व्हर व्ह्यूअरला एवढंच सांगतो : या ठिकाणी या मापाचा पिक्सेलचा चौकोन ठेव. उलट दिशेने व्ह्यूअर सांगतो : माऊस इथे आहे आणि अमुक बटण दाबलेलं आहे, किंवा अमुक की दाबली, अमुक की सोडली. माऊसचा निरोप ६ बाइटचा, कीबोर्डचा ८ बाइटचा. झालं.

वर्ड कुठलं, ब्राउझर कुठला, मेनू कुठला, हे व्ह्यूअरला माहीत नसतं. त्याला फक्त चित्र माहीत. त्यामुळे विंडोज, लिनक्स, मॅक, काहीही असो, एकच व्ह्यूअर चालतो.

आधी चांगलं काय ते नीट सांगा

नवीन विद्यार्थी समीक्षा म्हटलं की लगेच दोष शोधायला लागतात. तसं करू नका. एखादा पेपर अजून वाचला जातो याला कारण असतं. ते कारण तुम्हाला दोन-तीन वाक्यांत सांगता आलं नाही, तर तुमच्या टीकेला वजन येत नाही.

इथे दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली टिकाऊपणाची. ती लॅब १९९९ मध्ये एटी अँड टीकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तरी प्रोटोकॉल जगला. २०११ मध्ये तो आरएफसी ६१४३ म्हणून प्रसिद्ध झाला. ज्या लॅबने तो जन्माला घातला ती गेली, पण तो राहिला, कारण तो इतका साधा होता की कुणालाही नव्याने लिहून काढता आला.

दुसरी गोष्ट व्ह्यूअर 'स्टेटलेस' असण्याची. म्हणजे कामाची स्थिती व्ह्यूअरकडे नसते, ती सगळी सर्व्हरकडे असते. पुणे-मुंबई गाडीत बसला आहात, खंडाळ्याच्या बोगद्यात नेटवर्क गेलं. घरच्या कॉम्प्युटरवर चालू असलेलं काम थांबत नाही. बोगदा संपला, परत जोडलं, की सगळं जिथल्या तिथे. फोनसारख्या सतत तुटणाऱ्या जोडणीसाठी याहून चांगला पाया शोधून सापडणार नाही.

तरीही इथे बारकाईने बघा. की दाबणं आणि की सोडणं हे दोन वेगळे निरोप आहेत. 'शिफ्ट दाबली' हा निरोप पोहोचला आणि 'शिफ्ट सोडली' हा निघायच्या आत बोगदा आला तर? सर्व्हरच्या हिशेबाने शिफ्ट दाबलेलीच आहे. ती सोडवायची जबाबदारी सर्व्हर लिहिणाऱ्यावर येते. म्हणजे 'स्टेटलेस' हा शब्द चित्रापुरता बरोबर आहे, हातांपुरता नाही. पेपरमधला एखादा मोठा शब्द दिसला की तो कुठपर्यंत खरा आहे आणि कुठून पुढे नाही, ही रेघ ओढायची सवय लावून घ्या.

आता मुख्य प्रश्नांकडे येऊ.

प्रश्न १ : कुठला स्क्रीन?

पेपरने धरलं होतं की तुम्ही हात हलवत जाल आणि समोर एक स्क्रीन सापडेल. तो सापडलेला स्क्रीन साधारण तुमच्या टेबलावरच्या स्क्रीनएवढाच असणार. पुढे घडलं वेगळंच. आपण स्क्रीन खिशात घेऊन फिरायला लागलो. आणि तो छोटा झाला.

हिशेब करून बघू. घरच्या मॉनिटरवर १९२० बाय १०८० पिक्सेल आहेत. तुमचा फोन साडेसहा इंची आणि २० : ९ आकाराचा आहे. आडवा धरला तर त्याची उंची साधारण ६.८ सेंटिमीटर भरते. त्यात १०८० ओळी कोंबायच्या. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे १६ पिक्सेल. डेस्कटॉपवरच्या मेनूतली एक ओळ समजा २४ पिक्सेल उंच आहे. फोनवर ती दीड मिलिमीटरची होते. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बोटाने दाबायची गोष्ट निदान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावी. फरक सहापट!

मग झूम करा. सहापट झूम केलं तर एका वेळी डेस्कटॉपचा ३२० बाय १८० पिक्सेलचा तुकडा दिसतो, म्हणजे एकूण क्षेत्रफळाचा छत्तिसावा भाग. किल्लीच्या भोकातून दिवाणखाना बघण्यासारखं. त्यात टाइप करायला गेलात की फोनचा कीबोर्ड वर येतो आणि उरलेल्यातला मोठा भाग झाकतो.

आता माऊसचं बघा. माऊस नुसता वर नेला, क्लिक नाही केला, तरी डेस्कटॉपवर बरंच काही घडतं : सूचना दिसते, मेनू उलगडतो. बोटाला 'नुसतं वर असणं' माहीतच नाही. बोट एकतर टेकलेलं असतं नाहीतर नसतं. म्हणून ॲपवाले फोनच्या काचेला लॅपटॉपच्या टचपॅडसारखं वापरतात : बोट सरकवा, बाण हळूहळू सरकेल. नेम बरोबर बसतो, पण वेळ लागतो.

ॲप लिहिणाऱ्यांना यासाठी नावं ठेवून उपयोग नाही. व्ह्यूअरला फक्त पिक्सेल मिळतात. इथे बटण आहे आणि ते मोठं करून दाखवलं पाहिजे, हे त्याला कळायला मार्गच ठेवलेला नाही. ज्या साधेपणाची आपण आत्ता स्तुती केली, त्याचीच ही किंमत.

प्रश्न २ : वेग कुठे आणि कसा मोजला?

या पेपरात वापरकर्त्यांवर केलेला नियंत्रित प्रयोग नाही. लेखक प्रणाली समजावतात, ती चालते हे दाखवतात. १९९८ मध्ये, अशा मासिकात, ते चाललं. पण तुम्ही हा पेपर 'व्हीएनसी कमी बँडविड्थवर चांगलं चालतं' यासाठी उद्धृत करणार असाल तर थांबा.

आरएफबीमध्ये चित्र मागणीनुसार येतं. व्ह्यूअर म्हणतो 'नवीन काय ते पाठव', मग सर्व्हर पाठवतो. ते आलं की व्ह्यूअर पुन्हा मागतो. लेखकांच्या मते यामुळे प्रणाली आपोआप जुळवून घेते. नेटवर्क संथ असेल तर चित्रं कमी वेळा बदलतील, पण गोंधळ होणार नाही. हे खरं आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा की एका जाऊन-येऊन फेरीत जास्तीत जास्त एकच नवं चित्र. फेरीला ८० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला साडेबारापेक्षा जास्त बदल दिसणं शक्य नाही, तुमचं नेट कितीही फास्ट असो. या अडचणीवर नंतर प्रोटोकॉलला जोड-सुविधा निघाल्या, मूळ रचनेत त्या नव्हत्या.

अल्बर्ट लाय आणि जेसन नी यांनी २००२ मध्ये सिगमेट्रिक्स परिषदेत अशा 'थिन क्लायंट' प्रणालींची लांब अंतरावर चाचणी घेतली. बऱ्याच प्रणाली बँडविड्थ वाचवण्याची जाहिरात करत होत्या. पण यांना आढळलं की पुष्कळदा खरी मर्यादा बँडविड्थची नसते, विलंबाची असते. आता विचार करा : एखादा विद्यार्थी तीन वर्षं चित्र अजून १५ टक्के लहान कसं दाबायचं यावर घालवतो, आणि वापरणाऱ्याचा त्रास मात्र फेऱ्यांच्या संख्येतून येत असतो. तीन वर्षं गेली ना! समीक्षा नीट न केल्याचा तोटा असा असतो. तो मार्कांत दिसत नाही, आयुष्यात दिसतो.

नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं आणखी एक काम बघण्यासारखं आहे, 'स्लो-मोशन बेंचमार्किंग'. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सर्व्हरवर व्हिडिओ लावला आणि तो किती वेळात संपला हे सर्व्हरवरच मोजलं, तर आकडा छान येतो. पण वाटेत चित्रं गाळली गेली असतील, तर माणसाला दिसलं काय? म्हणून प्रत्येक दृश्य बदल पूर्ण पोहोचेल इतकं अंतर मध्ये ठेवून मोजायचं. 'आपोआप जुळवून घेणारी' प्रणाली म्हणजे चित्रं गाळणारी प्रणाली, आणि चुकीच्या जागी मोजलं तर गाळणं हे वेगासारखं दिसतं. पेपरात कुठलाही आकडा दिसला की विचारा : हा कुठे उभं राहून मोजला आहे?

प्रश्न ३ : मराठी लिहिता येईल का?

हा प्रश्न तुम्हाला परदेशी समीक्षेत क्वचितच भेटेल. म्हणून तो आपण विचारायचा.

आरएफबी कीबोर्डच्या 'की' पाठवतो, मजकूर पाठवत नाही. या कींना आकडे दिलेले आहेत आणि ती पद्धत युनिक्सच्या एक्स विंडो प्रणालीतून घेतली आहे. टेबलावरच्या कीबोर्डसाठी ते ठीकच. फोनचा कीबोर्ड तसा चालत नाही. तुम्ही फोनवर इंग्रजी अक्षरांत टाइप करता, खाली तीन मराठी शब्द सुचवले जातात, त्यातला एक तुम्ही निवडता. ॲपला मिळतो तो पूर्ण शब्द. की दाबली-सोडली असं काही घडतच नाही. अँड्रॉइडवर सॉफ्ट कीबोर्डने की-इव्हेंट पाठवलेच पाहिजेत असं बंधन नाही.

मग व्ह्यूअरने काय करायचं? तयार शब्द तोडून त्याच्या खोट्या की बनवायच्या. 'क्षेत्र' हा शब्द घ्या. आपल्याला दिसायला दोन अक्षरं, युनिकोडमध्ये मात्र सात चिन्हं : क, हलन्त, ष, एकार, त, हलन्त, र. ही सात चिन्हं सात वेळा 'दाबली' आणि 'सोडली' अशी चौदा निरोपांत जाणार. पलीकडच्या कॉम्प्युटरवर देवनागरी मांडणी नसेल तर सर्व्हर त्यांचं काय करेल, हे तो सर्व्हर कुणी कसा लिहिला यावर अवलंबून. मध्येच तुम्ही सुचवलेला शब्द बदललात तर आधीची सगळी चिन्हं बॅकस्पेसने पुसून पुन्हा पाठवायची.

बरं, टाइप नको, कॉपी-पेस्ट करू? तर आरएफसी ६१४३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की क्लिपबोर्डमधून लॅटिन-१ च्या बाहेरचा मजकूर पाठवायची सोय नाही. लॅटिन-१ म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांची अक्षरं. लक्षात घ्या, हे २०११ चं कागदपत्र आहे. तोपर्यंत युनिकोडला दोन दशकं होत आली होती. पुढे यूटीएफ-८ चालवणारी क्लिपबोर्डची जोड-सुविधा आली, पण ती दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरने मानली तरच चालते.

गंमत बघा. मराठी शब्दाचं चित्र आरएफबीमधून बिनबोभाट येतं, कारण पिक्सेलला भाषा नसते. पण मराठी शब्द परत पाठवताना अडतो. वाचायला मिळेल, लिहायला मिळेलच असं नाही. लेखकांनी मुद्दाम आपल्याला बाहेर ठेवलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या समोरच्या टेबलावर जो कीबोर्ड होता, तो त्यांनी जगाचा धरला. गृहीतक असंच असतं. ज्याने धरलं त्याला ते दिसत नाही, ज्याला टोचतं त्याला दिसतं. मराठीत काम करणाऱ्या संशोधकाला हा फायदा फुकट मिळालेला आहे, तो वापरा.

प्रश्न ४ : घरी पोहोचायचं कसं, आणि घरात कोण आहे?

पेपरमधल्या नेटवर्कवर सर्व्हरला एक पत्ता आहे आणि व्ह्यूअर थेट तिथे जातो. आपल्या घरी राउटर असतो, आतल्या कॉम्प्युटरला बाहेरून दिसणारा स्वतःचा पत्ता नसतो. बऱ्याचदा इंटरनेट कंपनीच अनेक घरांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देते. अशा वेळी बाहेरून दार वाजवायला दारच नसतं.

यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बाहेर निरोप पाठवून राउटरमध्ये वाट पाडायची, याला 'होल पंचिंग' म्हणतात. ब्रायन फोर्ड, पायडा श्रीसुरेश आणि डॅन केगेल यांच्या २००५ च्या पेपरात तपासलेल्या राउटरांपैकी सुमारे ८२ टक्क्यांवर हे यूडीपीसाठी जमलं, आणि सुमारे ६४ टक्क्यांवर टीसीपीसाठी. उरलेल्यांसाठी दुसरा मार्ग : मध्ये एका कंपनीचा सर्व्हर, दोघं त्याला जोडले जाणार. आज आपण वापरतो ती बहुतेक ॲपं अशी काहीतरी सोय ठेवतात. सोपं आहे, पण तुमच्या घराचं दार आता तिसऱ्याच्या अंगणातून उघडतं. त्या तिसऱ्यावर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न १९९८ च्या पेपरात येऊच शकत नव्हता.

सुरक्षेचं तसंच. मूळ व्हीएनसीच्या पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरं धरली जातात, आणि पासवर्ड तपासून झाल्यावर पुढचं सगळं बोलणं उघड्यावर चालतं. ही तपासणी कमकुवत आहे आणि अनोळखी नेटवर्कवर वापरण्यासाठी नाही, असं आरएफसी स्वतःच सांगतं. लॅबच्या आत हे चालून जातं. एसएसएचच्या बोगद्यातून नेलं तर बाहेरही चालतं, पण ते किती जण करतात?

आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा : घरी बसलेला माणूस. आरएफबीमध्ये जोडणी करताना एक खूण पाठवतात की आधीपासून जोडलेले दुसरे व्ह्यूअर राहू द्यायचे की तोडायचे. म्हणजे लांबून बघणाऱ्या दोघांचं काय करायचं याचा विचार झाला आहे. पण त्या कॉम्प्युटरसमोर प्रत्यक्ष बसलेल्या माणसासाठी मूळ प्रोटोकॉलमध्ये एकही निरोप नाही. तुमची बहीण घरी त्याच डेस्कटॉपवर असाइनमेंट लिहीत बसली आहे, तुम्ही पुण्याहून जोडलंत, आणि तिच्या हातातला बाण पळायला लागला. तिला विचारलं कोणी? प्रयोगशाळेत प्रत्येकाचं टेबल वेगळं असतं. आपल्याकडे 'घरचा कॉम्प्युटर' हा खरोखर घरचा असतो, एकट्याचा नसतो.

संमतीचा प्रश्न हलका समजू नका. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना सावध करावं लागलं होतं, कारण लोकांना फोनवर रिमोट ॲप टाकायला लावून, त्यातला कोड विचारून घेऊन, त्यांच्या खात्यातून पैसे काढले जात होते. तंत्र तेच, दिशा उलटी. तंत्राला फक्त कोड बरोबर आहे की नाही एवढं कळतं. तो देणाऱ्याला आपण काय देतोय हे कळलं का, हे विचारायची जागा त्याच्यात नाही.

मग दुसरा रस्ता होता का?

टीका करताना हा प्रश्न टाळू नका. पर्याय नसेल तर तुमची टीका म्हणजे नुसती कुरकूर.

पर्याय होता, आणि तो त्याच काळातला. कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रॅड मायर्स यांनी १९९७ मध्ये 'पेबल्स' प्रकल्प सुरू केला. तेव्हा फोन नव्हे, तर पामपायलट नावाचं हातात मावणारं यंत्र होतं. त्यांचा प्रश्नच वेगळा होता : हातातलं यंत्र आणि टेबलावरचा कॉम्प्युटर एकत्र कसे वापरावेत? त्यांच्या एका प्रोग्रॅमने पामचा माऊस-कीबोर्ड केला. दुसऱ्याने स्लाइड दाखवणाऱ्याच्या हातात पुढच्या स्लाइडची छोटी चित्रं आणि त्याची टिपणं दिली. पुढे २००१ मध्ये त्यांनी 'सिमँटिक स्नार्फिंग' मांडलं : मोठ्या स्क्रीनवरचा भाग हातात ओढून घ्यायचा, पण नुसतं त्याचं चित्र आणायचं नाही, त्याचा अर्थ आणायचा. मेनू असेल तर तो हातातल्या यंत्रावर मेनू म्हणूनच, बोटाला जमेल एवढा, यावा.

वर प्रश्न १ मध्ये जे अडलं, त्याला हे थेट उत्तर आहे. मग आज सगळीकडे व्हीएनसीसारखी पद्धत का दिसते, ही का नाही? कारण अर्थ पाठवायचा तर प्रत्येक प्रोग्रॅमने आपला अर्थ सांगायला तयार असलं पाहिजे. हजारो प्रोग्रॅम आहेत, ते का सांगतील? पिक्सेल मात्र प्रत्येकाकडे आहेतच. व्हीएनसी सगळ्यांवर चालतं आणि कुणावरच नीट बसत नाही. पेबल्स थोड्यांवर छान बसतं आणि बाकीच्यांवर चालतच नाही. प्रामाणिक समीक्षेत दोन्ही वाक्यं आली पाहिजेत.

माझा निष्कर्ष

हा पेपर उत्तम आहे, पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो आपला प्रश्न नाही. तो विचारतो : माझा डेस्कटॉप दुसऱ्या टेबलावर कसा नेऊ? आपण विचारतो : माझं काम माझ्या तळहातावर कसं आणू? डेस्कटॉप आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला फोनवरून घरच्या कॉम्प्युटरवर पाहिजे असतं ते बहुधा एवढंच : प्रोग्रॅम संपला का, फाइल पाठव, चुकलेला आकडा बदलून पुन्हा चालव. यासाठी वीस लाख पिक्सेल लागत नाहीत.

व्हीएनसी चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. 'मोबाईलवरून कॉम्प्युटर चालवण्याचा प्रश्न सुटला' याला पुरावा म्हणून हा पेपर देता येणार नाही, एवढंच म्हणतो.

आता हे तुमच्या सिनॉप्सिसमध्ये कसं उतरेल ते बघा. कमकुवत प्रश्न असा असतो : 'मोबाईलसाठी सुधारित रिमोट डेस्कटॉप प्रणाली विकसित करणे.' सुधारित म्हणजे कशात? कुणासाठी? त्यापेक्षा हे बघा : 'सुचवणाऱ्या कीबोर्डवरून लिहिलेला देवनागरी मजकूर रिमोट जोडणीतून पाठवताना किती आणि कोणत्या चुका होतात, आणि कीऐवजी मजकूर पाठवल्यास त्या कमी होतात का?' किंवा 'सामायिक घरगुती कॉम्प्युटरवर लांबून जोडताना समोर बसलेल्याची संमती घेण्याचे दोन मार्ग, आणि त्यांची तुलना.' हे दोन्ही प्रश्न छोटे आहेत. मोजता येतात. आणि उत्तर 'नाही' आलं तरी प्रबंध उभा राहतो.

या आठवड्याचा अभ्यास म्हणून तुमच्या विषयातला एक जुना, सगळे उद्धृत करतात असा पेपर घ्या आणि एका पानावर पाच गोष्टी लिहा. पेपरचा दावा, तुमच्या शब्दांत. तो अजून का टिकला. त्याने न सांगता काय धरून चाललंय. आकडे कुठे उभं राहून मोजले. आणि त्याच काळात दुसरा कोणता रस्ता होता, तो का मागे पडला. तिसऱ्या मुद्द्यापाशी अडलात तर एकच युक्ती सांगतो : पेपरमधल्या वापरकर्त्याच्या जागी तुमच्या घरातला एखादा माणूस बसवून बघा. आई, शेजारचे काका, बारावीतला भाऊ. जिथे तो अडेल, तिथे खूण करा.

ते पान गाईडना दाखवा, मगच सिनॉप्सिस लिहायला घ्या.